खोऱ्यांतील हांक आणि यंत्राचा कान

महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावलेली सावित्री नदी कोंकणांत कोसळते, पोलादपूरच्या अंगानें वळसा घेऊन महाडास येते, तेथें गांधारीला पोटांत घेते आणि पुढें बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. तिच्या दोहों तीरांवर सह्याद्रीच्या ज्या सोंडा उतरल्या आहेत, त्यांच्या अंगाखांद्यांवर लहान लहान वाड्या वसलेल्या आहेत. समोरासमोरच्या दोन वाड्यांमधील अंतर पाखराला अर्ध्या मैलाचें असेल. पण माणसाला एक दरी उतरून पुन्हां चढावयाची म्हणजे अर्धा दिवस मोडतो. म्हणून या मुलखांत कुकारा देण्याची रीत फार जुनी आहे. एका सोंडेवरचा माणूस दोन्ही हात तोंडाशीं नेऊन लांब स्वर काढतो, आणि पलीकडचा कानामागें पंजा धरून तो टिपतो. तोच पलीकडचा माणूस शेजारीं कोणी पोर किंचाळलें तर कानांवर हात ठेवतो. कान एकच, पण दूरच्या हांकेसाठीं तो मोठा करावयाचा आणि जवळच्या आरोळीसाठीं लहान करावयाचा, ही युक्ति गुराख्याच्या पोरासही ठाऊक आहे.

हीच युक्ति आज प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइल दूरध्वनींत बसविलेली आहे. बिनतारी विद्येंत तिला ऑटोमॅटिक गेन कंट्रोल असें नांव आहे. मराठींत तिला स्वयंचलित वर्धन-नियमन म्हणतां येईल. आलेला संकेत किती पटींनीं वाढवावयाचा हें यंत्रानें स्वतःच क्षणोक्षणीं ठरवावयाचें, एवढाच तिचा अर्थ. नांव जड असलें तरी गोष्ट रोजच्या व्यवहारांतली आहे; आणि महाड-पोलादपूरसारख्या डोंगराळ मुलखांत तर ती प्रसंगीं जीवनमरणाशीं जाऊन भिडते. म्हणून ही युक्ति काय करूं शकते आणि काय करूं शकत नाहीं, हें दोन्ही समजून घेणें अगत्याचें आहे.

पहिला प्रश्न असा, कीं यंत्राला आपला कान लहानमोठा करण्याची एवढी गरज कां पडावी? महाडच्या बाजारपेठेंत एखाद्या मनोऱ्याच्या पायथ्याशीं उभा असलेला मनुष्य घ्या. त्याच्या हातांतील फोनवर लहरींचा जणूं मारा होत असतो. तोच मनुष्य तासाभरानें आंबेनळी घाटाच्या एखाद्या वळणावर पोंचला, म्हणजे त्याच्या फोनपर्यंत त्या लहरींचा केवळ एक पुसट अंश येतो. मोकळ्या जागेंत लहरींचा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. अंतर दुप्पट झालें कीं जोर चौथाईवर येतो. अंतर दसपट झालें कीं तो शंभराव्या हिश्शावर येतो. जमिनीलगत तो याहूनही लवकर घटतो. मध्यें डोंगराचा खांदा आडवा आला तर त्याच्या कडेवरून वळून किंवा समोरच्या कड्यावर आपटून जो कांहीं अंश येईल, त्यावरच भागवावें लागतें.

आंकड्यांत हा फरक किती पडतो, तें पाहण्यासारखें आहे. भारतांत मोबाइलचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजीं झाला. त्या दिवशीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. तें बोलणें ज्या पद्धतीनें झालें, ती जी. एस. एम. या नांवानें ओळखली जाते. हातांतल्या फोननें दुबळ्यांत दुबळा कोणता संकेत ओळखला पाहिजे आणि प्रबळांत प्रबळ कोणता सोसला पाहिजे, याचे नियम त्या पद्धतींत घालून दिलेले आहेत. दुबळ्या संकेताचा जोर एवढा, कीं एका वॅटाचे सुमारें १६ लाख कोटी भाग करावे आणि त्यांतील एक भाग घ्यावा. प्रबळ संकेताचा जोर एका वॅटाच्या सुमारें तीस हजाराव्या भागाएवढा. या दोहोंचें प्रमाण काढलें तर तें ५० कोटींस एक असें येतें. मोहरीचा दाणा आणि हत्ती यांच्या वजनांत जें अंतर, जवळ जवळ तेवढेंच हें अंतर झालें. एकाच तराजूनें मोहरीही जोखावयाची आणि हत्तीही जोखावयाचा, आणि तेंही वाटसरू चालत असतां, क्षणाचा विसांवा न घेतां; असें हें काम आहे.

हें काम प्रथम मोबाइलकरितां उद्भवलें नाहीं. तें घरोघरच्या रेडिओकरितां उद्भवलें. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, त्या काळच्या ग्राहक-यंत्रांत आवाजाची कळ सारखी हातांत धरून बसावें लागे. दुबळें केंद्र ऐकण्यासाठीं ती वर चढवावी, आणि तशीच कांटा फिरवून जवळच्या प्रबळ केंद्रावर यावें, तों कर्ण्यांतून असा भडका उडे कीं घरांतलीं पोरें दचकून उठत. रात्रीं दूरच्या केंद्राचा आवाज लाटेसारखा चढे आणि उतरे. गाणें रंगांत येतें न येतें तोंच तें विरून जाई. लघुलहरींवरून सिलोनचीं गाणीं ऐकलेल्या श्रोत्यांना या चढउताराची आठवण असेल.

यावर तोड निघाली ती अमेरिकेंत. हॅरॉल्ड व्हीलर नांवाच्या तरुण अभियंत्यानें १९२५-२६ च्या सुमारास स्वयंचलित आवाज-नियमनाची योजना तयार केली. तिचें मर्म फार सोपें आहे. ग्राहक-यंत्रांत एकापुढें एक असे वर्धक दिवे असतात, आणि त्यांच्या शेवटीं लहरींतून ध्वनि वेगळा काढणारा भाग असतो. या शेवटल्या भागांत ध्वनीबरोबरच एक स्थिर विद्युत्-दाब उत्पन्न होतो. केंद्र जितकें प्रबळ, तितका हा दाब अधिक. व्हीलरनें हा दाब एका तारेनें मागें नेला आणि आरंभींच्या वर्धक दिव्यांना अशा रीतीनें जोडला, कीं दाब वाढला कीं त्यांची वाढविण्याची शक्ति कमी व्हावी, आणि दाब उतरला कीं ती वाढावी. १९२९ सालीं फिल्को कंपनीच्या ९५ क्रमांकाच्या संचांत ही योजना आली, आणि पुढील दहा वर्षांत ती चांगल्या रेडिओचें एक नित्याचें अंग होऊन बसली. १९२८ सालीं कार्ल क्युपफम्युलर या जर्मन शास्त्रज्ञानें अशा योजनेची गणिती मीमांसाही प्रसिद्ध केली.

भातशेतीच्या मुलखांतील श्रोत्यांना ही योजना समजावून सांगण्यास फारसे शब्द लागूं नयेत. आवणाच्या दिवसांत शेतकरी खाचरांत पाणी एका ठराविक पातळीवर राखतो. वरच्या खाचरांतून लोंढा आला कीं तो बांधाचें तोंड रुंद करून पाणी खालीं सोडतो. पावसानें उघडीप दिली कीं तेंच तोंड चिखलानें लिंपून टाकतो. पाऊस त्याच्या हातचा नाहीं, पण पातळी त्याच्या हातची आहे. तो वर आभाळाकडे न पाहतां खालीं पाण्याकडे पाहतो, आणि पाण्यावरून बांधाचें काय करावयाचें तें ठरवितो. यंत्रही असेंच करतें. बाहेरून काय येत आहे याचा विचार न करतां, शेवटीं हातांत काय पडलें तें पाहून तें आरंभींचें तोंड कमीअधिक उघडतें.

येथें दुसरा प्रश्न उभा राहतो, तो वेगाचा. शेतकरी बांधाशीं किती वेळां जातो, यावर पीक अवलंबून आहे. पावसाच्या प्रत्येक थेंबासरशीं तो बांध फोडूं आणि लिंपूं लागला तर खाचराचा चिखल होईल. आणि सकाळीं एकदां पाहून संध्याकाळपर्यंत फिरकलाच नाहीं तर बांध वाहून जाईल. रेडिओच्या नियमनाचेंही तसेंच आहे. तें फार चपळ केलें तर गवयाच्या स्वरांतील चढउतारही त्याला लहरींचाच चढउतार वाटतो, आणि तें गाणें सपाट करून टाकतें. फार मंद केलें तर पहिला भडका कानांवर आदळून गेल्यावर त्याला जाग येते. म्हणून शब्दांच्या हेलकाव्यांपेक्षां मंद आणि लहरींच्या ओहोटीपेक्षां चपळ, असा मध्यम वेग रेडिओत ठरविला गेला.

मोबाइलच्या बाबतींत ही मध्यम वाट फार अरुंद आहे. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारें ३३ सेंटिमीटर, म्हणजे हातभराहून थोडी कमी. डोंगरांत एकच लहर अनेक वाटांनीं येते: एक सरळ, एक समोरच्या कड्यावर आपटून, एक नदीच्या पात्रावरून, एक शेजारून जाणाऱ्या मालगाडीच्या पत्र्यावरून. या साऱ्या एकमेकींना कोठें साहाय्य करतात आणि कोठें खोडून काढतात. त्यामुळें जेथें संकेत चांगला आहे, तेथून वीतभर अंतरावर तो जवळ जवळ शून्य असूं शकतो. आतां मुंबई-गोवा महामार्गावरून पोलादपूरकडे तासाला ६० किलोमीटर वेगानें चाललेल्या एस. टी. बसमधील उतारू घ्या. त्याचा फोन एका सेकंदांत अर्ध्या लहरीएवढें अंतर सुमारें १०० वेळां ओलांडतो. म्हणजे संकेताची भरतीओहोटी एका सेकंदांत शंभरदां होऊं शकते, आणि तो बिचारा घरीं वरणभात झाला कीं नाहीं एवढेंच विचारीत असतो.

या धांवपळींत फोनचा कान कसा सांवरला जातो, तें पाहूं जातां आजच्या यंत्राची एक विशेष अडचण लक्षांत येते. जुना रेडिओ लहरींचा ध्वनि करी. आजचा फोन लहरींचे आधीं आंकडे करतो आणि मग त्या आंकड्यांवरून ध्वनि उभारतो. आंकडे करणाऱ्या भागाचें मोजमाप ठराविक असतें. सोनाराच्या कांट्यावर भाताचें पोतें ठेवलें तर कांटा शेवटास जाऊन अडकतो, आणि पोत्याचें वजन काय हें कळतच नाहीं. वखारीच्या कांट्यावर गुंज ठेवली तर तो हलतच नाहीं, आणि गुंज होती कीं नव्हती हेंही कळत नाहीं. म्हणून आलेला संकेत आंकडेमोडीपर्यंत पोंचण्याच्या आधींच असा वाढवावा किंवा आवरावा लागतो, कीं तो त्या मापाच्या मध्यावर यावा. हें नियमनाचें आजचें मुख्य कार्य होय. पूर्वीं तें कानाच्या सुखासाठीं होतें. आतां तें अर्थ लागण्यासाठींच अवश्य झालें आहे.

जी. एस. एम. पद्धतींत हें काम फार मौजेनें चालतें. एकाच लहरीवर आठ जण पाळीपाळीनें बोलतात. प्रत्येकाची पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची, आणि आठांचा एक फेरा ४·६१५ मिलिसेकंदांचा. आपली पाळी संपली कीं फोन रिकामा बसत नाहीं. मधल्या वेळांत तो शेजारच्या मनोऱ्यांकडे कान लावून त्यांचा जोर मोजतो. हा जोर तो ० ते ६३ अशा ६४ पायऱ्यांत मांडतो आणि सुमारें अर्ध्या सेकंदानें, अचूक सांगावयाचें तर ४८० मिलिसेकंदांनीं, आपल्या मनोऱ्यास कळवितो. मागील पाळींत संकेत किती जोराचा होता यावरून पुढील पाळीसाठीं कान किती उघडावयाचा, हेंही तो आधींच ठरवून ठेवतो. वाटेंत जो मनोरा अधिक प्रबळ ठरेल त्याच्या हवालीं बोलणारास करावयाचें, हा निर्णयही याच मोजमापांवर होतो. महाडहून पोलादपूरला जाणाऱ्याचें बोलणें एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे जातें आणि त्याला पत्ताही लागत नाहीं, याचें श्रेय या अखंड मोजणीस आहे.

मनोऱ्याची बाजू याहून कठीण. त्याच्या कानांवर एका पाळीला बाजारांतील जवळचा आवाज येतो आणि लगेच पुढल्या पाळीला डोंगरपल्याडच्या वाडींतील क्षीण आवाज. दोन पाळ्यांमध्यें मोकळा वेळ सुमारें ३० मायक्रोसेकंदांचा. तेवढ्या वेळांत त्यानें कान जुळवून तरी घ्यावा, नाहीं तर तो मुळांतच एवढा विस्तीर्ण ठेवावा कीं दोन्ही आवाज त्यांत मावावेत.

इतकें ऐकल्यावर श्रोत्यांस वाटेल, कीं मग अडतें कोठें? कान हवा तितका मोठा करतां येत असेल तर कोणतीही दरी, कोणतेंही वळण, कोणतीही वाडी बहिरी राहण्याचें कारण नाहीं. येथेंच या युक्तीची मर्यादा आहे, आणि तीच या भाषणांतील मुख्य गोष्ट होय.

वाढविण्याच्या शक्तीला हांक आणि खरखर यांतील भेद कळत नाहीं. प्रत्येक तारेंत, प्रत्येक धातूंत उष्णतेमुळें विद्युत्-कण सारखे हेलकावत असतात, आणि त्यांच्या हेलकावण्यानें एक अखंड मंद खरखर निर्माण होते. १९२८ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन्सन यानें ती प्रयोगानें मोजली आणि नायक्विस्ट यानें तिचें गणित बसविलें. ती पुसून टाकण्याचा उपाय नाहीं. वर सांगितलेला दुबळ्यांत दुबळा संकेत या नैसर्गिक खरखरीच्या सुमारें ऐंशीपट असतो. त्यांत यंत्राची स्वतःची खरखर मिळवली म्हणजे ढोबळ मानानें दहापटच अंतर उरतें. संकेत त्याच्याही खालीं गेला कीं कान मोठा केल्यानें हांकही मोठी होते आणि खरखरही तितकीच मोठी होते. पावसाळ्यांत धबधब्याशेजारीं उभ्या असलेल्या माणसानें कानामागें पंजा धरला तर त्याला धबधबाच अधिक मोठा ऐकूं येतो. दूध पातळ असेल तर भांडें मोठें केल्यानें तें दाट होत नाहीं.

दुसरी मर्यादा शेजाऱ्याची. अनेक जण एकाच वेळीं, एकाच लहरीपट्ट्यांत बोलत असतील आणि त्यांतील एक जवळून मोठ्यानें ओरडत असेल, तर यंत्र त्याच्या ओरडण्यानें आपला कान लहान करतें. आणि त्याबरोबर दूरचा क्षीण आवाजही नाहींसा होतो. दोष दूरच्याचा नाहीं, ऐकणाराचाही नाहीं. तरी हांक मात्र बुडते. तिसऱ्या पिढीच्या मोबाइल पद्धतींत सर्व जण एकाच पट्ट्यांत एकदम बोलतात, तेव्हां हें संकट मोठें झालें. त्यावर उपाय ऐकणाराच्या कानांत सांपडला नाहीं. तो बोलणाराच्या तोंडांत सांपडला. त्या पद्धतींत मनोरा प्रत्येक फोनला सेकंदास १५०० वेळां आज्ञा देतो: तूं जवळ आहेस, हळू बोल; तूं दूर आहेस, जोरानें बोल. सर्वांचे आवाज मनोऱ्यापाशीं सारख्या पातळीवर पोंचले, तरच सर्वांचें ऐकूं येतें. गांवकीच्या बैठकींतही जवळ बसलेल्यांनीं आवाज आवरल्याशिवाय शेवटच्या पंगतींतल्या माणसाचें गाऱ्हाणें पंचांच्या कानीं जात नाहीं. जें गांवकीला लागू, तेंच यंत्राला लागू पडलें.

तिसरी गोष्ट मर्यादेपेक्षां धोक्याची आहे. ही युक्ति आपलें काम इतकें चोख करते, कीं ऐकणाराला संकटाची चाहूलच लागूं देत नाहीं. कुकारा देणारा दूर जाऊं लागला तर त्याचा आवाज हळूहळू बारीक होतो, आणि ऐकणारा समजतो कीं आतां थोडाच वेळ उरला. मोबाइलवर तसें होत नाहीं. बोलणारा बाजारांत असो वा घाटाच्या शेवटल्या वळणावर असो, कानांवर येणारा आवाज सारखाच. संकेत लाखपटींनीं घसरला तरी यंत्र तितकाच कान मोठा करून तो भरून काढतें, आणि घसरण झाल्याचें लपवून ठेवतें. शेवटीं खरखरीची पातळी येते, आणि मग बोलणें विरत नाहीं. तें कांहीं क्षण अडखळतें आणि तुटतें. कड्याच्या टोकापर्यंत जमीन सपाट असावी आणि पुढल्या पावलाला दरी लागावी, तसा हा प्रकार आहे. फोनच्या पडद्यावर ज्या उभ्या रेघा दिसतात, ज्यांना लोक रेंज म्हणतात, त्या या लपविलेल्या घसरणीच्या काय त्या साक्षीदार. कारण त्या कान किती मोठा करावा लागला यावरून काढलेल्या असतात. पण किती जोराला किती रेघा, याचा एक सर्वमान्य नियम नाहीं. प्रत्येक कारखानदार आपापल्या हिशेबानें त्या दाखवितो.

महाड-पोलादपूरच्या मुलखानें या गोष्टीची किंमत केवळ पुस्तकांत वाचलेली नाहीं. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि-विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांना महाबळेश्वराकडे घेऊन चाललेली बस आंबेनळी घाटांत खोल दरींत कोसळली. ३० जण मृत्युमुखीं पडले; एक जण वांचला. तो दरी चढून रस्त्यावर आला, तेव्हां जगाला वार्ता समजली. खिशाखिशांत फोन असण्याच्या काळांतही तळाची बातमी माथ्यावर आली ती माणसाच्या पायांनीं.

पुढें २२ जुलै २०२१ रोजीं याहून मोठा घाला पडला. महाबळेश्वरावर एका अहोरात्रींत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्रीला महापूर आला. महाड तालुक्यांतील तळिये गांवावर डोंगराची कड सुटून आली आणि ८० हून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांतही केवनाळें आणि साखर-सुतारवाडी येथें दरडींनीं बळी घेतले. महाड शहर पाण्यांत होतें, वीज गेली होती, रस्ते तुटले होते, आणि दूरध्वनीची व्यवस्था कोलमडली होती. बाहेरचीं मदतपथकें तळियेस पोंचावयास दुसरा दिवस उजाडला. त्या रात्रीं लोकांच्या हातांतील फोनांचे कान शाबूत होते. किंबहुना ते जितके मोठे होऊं शकतात तितके मोठे झाले असले पाहिजेत. पण ज्यांनीं हांक द्यावयाची आणि हांक घ्यावयाची, ते मनोरेच मुके झाले होते. शून्याला कितीहि पटींनीं वाढविलें तरी उत्तर शून्यच येतें, हें गणित शाळेंतल्या मुलालाही येतें.

यांतून दोन बोध निघतात. एक सरकार आणि दूरध्वनि-कंपन्या यांच्यासाठीं आहे. यंत्राचा कान कितीहि तल्लख झाला, तरी त्यामुळें दरींत मनोरा उभा करण्याचें कर्तव्य टळत नाहीं. आणि मनोरा उभा केल्यावर वीज गेलेल्या रात्रीं तो किती तास जागा राहील, ही चिंता करण्याचेंही टळत नाहीं. अतिवृष्टीच्या मुलखांत मनोऱ्याच्या पायथ्याची विजेरी आणि तेलावर चालणारें जनित्र पुराच्या पातळीच्या वर असणें, ही गोष्ट फोनमधील कोणत्याही करामतीपेक्षां मोलाची आहे.

दुसरा बोध घाटांतून जाणाऱ्या आणि वाडींत राहणाऱ्या प्रत्येकासाठीं आहे. स्पष्ट आवाज म्हणजे भक्कम संकेत, असें समजूं नये. आवाज स्पष्ट असला तरी रेघ एकच उरली असेल, तर बोलणें कोणत्याही क्षणीं तुटेल असें धरून चालावें. बोलणें लागत नसेल तर हातभर बाजूस सरून पाहावें. लहरींची ओहोटी वीतभर अंतरावर ओसरते. तेवढ्यानें न भागलें तर जेथून खोरें मोकळें दिसतें अशा खांद्यावर जावें, कारण डोंगराची सांवली कोणत्याही यंत्राला ओलांडतां येत नाहीं. बोलण्यास जेथें पुरत नाहीं तेथें लहानसा लेखी संदेश पुष्कळदां जातो. तो एका प्रयत्नांत न गेला तर पुन्हां पाठवितां येतो. संकटाच्या वेळीं ११२ या क्रमांकास आपल्या कंपनीचा मनोरा लागत नसला तरी दुसऱ्या कंपनीचा मनोरा चालतो. दुबळ्या जागीं फोनला सारखें ओरडून बोलावें लागतें, आणि त्यानें त्याची विजेरी लवकर संपते. म्हणून अशा वेळीं त्यावर चित्रें पाहत बसूं नये.

सर्वांत महत्त्वाचें असें, कीं संकटांतील मनुष्यानें बोलणें लागतांच पहिल्या वाक्यांत ठिकाण सांगावें. गांवाचें नांव, वाडीचें नांव, घाटाचें वळण, जवळचा पूल किंवा देऊळ. आणि मग किती माणसें आणि काय घडलें. मनुष्यस्वभाव उलटा आहे. तो आधीं आकांत सांगतो, मग कारण सांगतो, आणि ठिकाण शेवटीं सांगतो. पण ज्या यंत्राच्या भरंवशावर तो बोलत असतो, तें शेवटाची सूचना देत नाहीं. दुसऱ्या वाक्यास तें कदाचित् उरणार नाहीं. पहिलें वाक्य पोंचलें आणि त्यांत ठिकाण असलें, तर मदत घेऊन येणारे पाय निघूं शकतात.